दुर्गंधी मालाची कैफियत

पर्यटक जग डोळ्यांनी पाहतो, मालबोटीवरचा खलाशी नाकानं. फिलिपाईन्सचा सूर्यास्त त्याच्या लक्षात राहत नाही, तिथं भरलेलं खोबरं राहतं. खोबऱ्यातले निळसर किडे थेट युरोपपर्यंत बिनतिकिटाचा प्रवास करतात आणि वाटेत बिछाना, सदऱ्याचा खिसा, सूप अशी सगळी प्रेक्षणीय स्थळं पाहून घेतात. पेरू म्हणजे मासळीची भुकटी. रजेवर आलेल्या माणसाच्या आधी तिचा वास उंबरा ओलांडतो. ओल्या, खारवलेल्या कातड्यांबद्दल जेवताना न बोललेलंच बरं. बोटीवरच्या आठवणींत शिव्यांचा पहिला मान असल्या मालाला मिळतो, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. माणसं मारणारा माल बहुतेक वेळा अगदी सभ्य असतो.

खोबरं आणि भुकटी काही साधुसंत नव्हेत, असं कोणी म्हणेल. कबूल. दोन्ही आपोआप तापतात, पेटूही शकतात. पण त्यांच्यावर आधीपासूनच सगळ्यांचा संशय असतो. भुकटीत ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन घालतात, तिचं तापमान मोजत राहतात. भंगार लोखंडाची इतकी चौकशी सहसा कोणाला सुचत नाही. ते बोटीच्या पोटातल्या होल्डमध्ये निमूट गंजतं आणि गंजता गंजता तिथला प्राणवायू खाऊन टाकतं. ना वास, ना धूर. शिडीनं उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला धावलेला दुसराही कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडचं काय, असं विचाराल, तर तो माझाच साक्षीदार आहे. कच्च्या तेलातून निघणारा हा वायू सुरुवातीला नासक्या अंड्यांचा वास देतो, पण प्रमाण फार वाढलं की घ्राणशक्तीच बधिर करतो. घाण येत होती तोवर तो निदान प्रामाणिक होता.

सभ्यपणात कापसाचा हात कोण धरील? 1944 साली 'फोर्ट स्टिकीन' बर्कनहेडहून सुमारे 1,400 टन स्फोटकं घेऊन निघाली, वाटेत कराचीला तिच्यावर कापसाच्या गासड्या चढल्या. सोबत लाकूड, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या विटाही होत्या. 14 एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये आग लागली ती या कापसाला. स्फोटकं इंग्लंडपासून मुंबईपर्यंत शहाण्यासारखी आली होती. स्फोटांत शेकडो माणसं गेली.

आता नियम आहेत, हा शेवटचा आक्षेप. आहेत, आणि 2011 पासून सुट्या घन मालाची आंतरराष्ट्रीय नियमावली बंधनकारकही आहे. लोहखनिजाची भुकटी ओली असली की हादऱ्यांनी पातळ होते, एका बाजूला वाहते आणि बोट कलंडते. मंगळूरहून निघालेली 'एशियन फॉरेस्ट' 2009 च्या पावसाळ्यात अशीच बुडाली. गोव्याहून निघणाऱ्या भुकटीचा स्वभावही वेगळा नाही. बॉक्साइट मात्र नियमावलीच्या लेखी पातळ न होणारं, सज्जन खनिज होतं. 2 जानेवारी 2015 रोजी 46,400 टन बॉक्साइट घेऊन 'बल्क ज्युपिटर' व्हिएतनामजवळ बुडाली. 19 पैकी 18 माणसं परत आली नाहीत. त्यात मालाच्या ओलाव्याचा दाखला देण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याचीच, म्हणजे नवऱ्या मुलाचा बायोडेटा त्याच्या मामानं लिहावा तसा प्रकार. म्हणून शंका आलीच तर चीफ ऑफिसर एक डबा अर्धा भरतो, वीतभर उंचीवरून 25 वेळा जमिनीवर आपटतो आणि मालावर पाणी दिसतं का ते वाकून पाहतो. बोटीवर उपग्रहाकडून दिशा कळते, आणि हजारो टन खनिजाचा न्याय डबा करतो! पाणी दिसलं तर मालाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. नाही दिसलं, म्हणून माल सुरक्षित ठरत नाही, असं खुद्द नियमावलीच सांगते.