निष्काम दुकानदारी

पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या दुकानदारांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. ग्राहक मिक्सरचं खोकं फोडायला लावतो, झाकण तीनदा बसवून पाहतो, 'आवाज जरा जास्तच येतोय का हो?' असं विचारतो, वर चहाही पितो. आणि मग तिथेच उभा राहून मोबाइलवर तोच मिक्सर चाळीस रुपये स्वस्त मागवतो. दुकानदारांनी आता विक्रीचा क्षुद्र हेतू सोडून निव्वळ प्रात्यक्षिकं करावीत. दुकानाचं भाडं काय, पुण्याईतून निघेल! जाच आहे तो २०२०च्या ई-कॉमर्स नियमांचा. विक्रेत्याचा पत्ता उघड करावा लागतो, त्यामुळे घरी आलेल्या पार्सलवर कधीकधी नको ते वाचायला मिळतं: गल्ली तीच, दुकानही तेच. घरपोच आकार साठ रुपये, तो वेगळा.