राहू दे, लेकरू आहे!

"ओ वहिनी, उठलं का तुमचं लेकरू?"

"कशाचं उठायलंय! दोनदा पांघरूण ओढलं."

"तुमच्यासाठीच तर सरकारनं २०२४ ला आदेश काढला की, चौथीपर्यंतची शाळा नऊच्या आत भरवायची नाही म्हणून."

"सोय कसली ओ! ह्याची नऊला, थोरलीची सातला. आधी दोघांचं एकदमच उरकायचं, आता सगळं दोनदा. सहाला केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला आठपर्यंत वातड होतोय, मग साहेब नाक मुरडतात."

"थोरली मात्र कामाची. काल नळ आला तर ड्रम भरायली होती."

"तिला सांगावंच लागत नाही. ह्याला नुसतं अंथरूण काढ म्हणलं, की सासूबाई मधी पडतात. राहू दे, लेकरू आहे."

"राहू दे राहू दे करत काय होतंय, ते कोपऱ्यावरच्या घरी बघा."

"नीटवाल्याचं म्हणायलाव?"

"हळू बोला, बाई धुणं वाळत घालायलीय! पोरगं पहाटे चारला उठून अभ्यासाला बसतंय, त्याला नाव ठेवायचं नाही. पण ब्रशवर पेस्ट आईनं लावून द्यायची? आंघोळीला निघालं की टॉवेल खांद्यावर टाकायचा? अन् त्यांच्याच माडीवर दोन भाडेकरू पोरं, एक हिंगोलीकडचं, एक परभणीचं. तीच नीट, तेच क्लास. स्वतःचे कपडे धुतात, बादल्या जिन्यानं वर नेतात, मेसचा डबा घासून परत देतात."

"म्हणजे लातूर पॅटर्न एकाच घरात दोन!"

"तर काय! अन् २०१६ ला आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तवा हेच पोरगं कळशी घेऊन टँकरमागं पळायचं. आठ वर्षांचं असेल. आई कौतुकानं सांगत फिरायची. आता त्याला पाण्याचा तांब्या जड व्हायलाय."

"नांदेडच्या माझ्या नणंदेनं बरं केलं. पोराला सांगितलं, सकाळची भांडी तू लावायची, मगच सायकलची किल्ली."

"लावतंय का?"

"लावतंय की! असं आपटतंय, की शेजारच्यांना गजर लागत नाही. दोन कप फोडले. नणंद म्हणाली, फुटू दे, पण आता मी हात लावणार नाही."

"शाबास! तुम्हीबी धरा नेट."

"धरते की. पण घरात एकच लेकरू असतं तर..."

"अगं, माझा टॉवेल कुठंय?"

"ऐकलंत? सासूबाईंचं लेकरू उठलं. येते ओ मी."