गणपूर्ती शून्य

ग्रामसभेला कोरम लागतो, हाउसिंग सोसायटीच्या सभेला लागतो, भजनी मंडळालासुद्धा चार टाळकी जमावी लागतात. पर्यावरणाच्या जनसुनावणीला मात्र कुणाचीच गरज नाही. 2006च्या अधिसूचनेत तसं स्वच्छ लिहिलंय: कामकाज सुरू करायला गणपूर्तीची अट नाही. मंडप, माईक आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, एवढ्यावर लोकशाही सुरू होते.

वाढवण बंदराच्या वेळी माणसं आली, ही खरी पंचाईत. 19 जानेवारी 2024ला पालघरात सुनावणी झाली. ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ म्हणत किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरतायत. हरकत नोंदवणं हा त्यांचा हक्क आणि ती नोंदवून घेऊन पुढे जाणं हा सरकारचा. फेब्रुवारीत पर्यावरण मंजुरी आली, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची, आणि ऑगस्टअखेर पंतप्रधानांच्या हस्ते 76,220 कोटींच्या प्रकल्पाचं भूमिपूजन. समुद्रात भराव टाकून 1,448 हेक्टर भूमी अजून व्हायची होती. पूजन तेवढं आधी उरकलं.

डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं 1998मध्ये इथलंच बंदर नाकारलं होतं. जुलै 2023मध्ये त्याच प्राधिकरणानं होकार दिला. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्राची तब्येत सुधारली असावी.

सरकारला मासळीची कदर नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. त्या होकारानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर 2023मध्ये, पापलेट आपला राज्यमासा झालं. मागणी होती सातपाटीच्या मच्छीमारांची, म्हणजे त्याच पालघर जिल्ह्यातल्यांची. पाहा, लोकांचं ऐकलं जातं. फक्त मागताना मासा मागावा, समुद्र मागू नये.

शिवाय राज्यमाशाला संरक्षणही कडक आहे. पापलेट किमान 135 मिलिमीटर भरलं पाहिजे. त्याहून लहान पिल्लू धरलं की तांडेलावर कारवाई. ही पट्टी जाळ्याला लागते, भरावाला लागत नाही. दगडमातीखाली जाणारी पिल्लं मापात होती की नाही, हे बघायला मत्स्य खात्याचा माणूस पट्टी घेऊन जाणार का? सुनावणीत कुणी हे विचारलं असेल, तर काळजी नसावी. इतिवृत्तात नोंद असेलच.