मूळकाका

आत्याच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग उघडेना म्हणून मी त्यांच्याकडे गेलो, तर दार पुरतं उघडायच्या आत प्रश्न आला, "मूळ फाइल आणलीय का?"

तुमच्या इमारतीतही असतीलच असे एक काका. निवृत्त, अंगात बनियन, टेबलावर दोन कॉम्प्युटर, त्यातल्या एकाचंही झाकण जागेवर नाही. कुणाचंही न उघडणारं रेकॉर्डिंग उघडून देणार, तेही फुकट. मोबदल्यात अपमान तेवढा सोसायचा. आमच्याकडे सगळे त्यांना मूळकाका म्हणतात. जन्मही मूळ नक्षत्रावरचाच असणार, असं काकूंचं मत आहे. "भोवलं मात्र मला," असं त्या चहा ठेवता ठेवता म्हणतात.

त्यांच्या लेकीने अमेरिकेहून नातवाचा पहिला शब्द व्हॉट्सॲपवर पाठवला. काकूंच्या डोळ्यांत पाणी. काकांनी उलट विचारलं, "मूळ फाइल आहे का?" मूळ फाइल तेव्हा लेकीच्या मांडीवर दूध पीत होती.

एकांकिकेवाला एक मुलगा स्पर्धेच्या आदल्या रात्री धापा टाकत आला. पार्श्वसंगीत ऑडॅसिटीत केलेलं, पेन ड्राइव्हवर नेमकी एक 'एयूपी' फाइल, वजन काही केबी. काकांनी ती त्याच्यासमोर साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत नुसता मजकूर. "हे संगीत नाही, बाळ, ही वाण्याची यादी आहे. किराणा शेजारच्या डेटा फोल्डरमध्ये होता, तो कुठाय?" किराणा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर होता आणि कॉलेजला कुलूप होतं. 2021 पासून ऑडॅसिटी यादी आणि किराणा एकाच 'एयूपी3' फाइलीत बांधून देते, पण ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला बहुतेक उघडत नाही. तिथे न्यायची तर आधी वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करावी लागते. हे सगळं काकांनी त्या पोराला रात्री साडेअकराला शिकवलं. त्याला खरं तर कुलूप फोडायला माणूस हवा होता.

माझ्या भाच्याने तर जुन्या मोबाइलमधल्या 'एएमआर' फाइलीचं नाव बदलून 'एमपी3' केलं होतं. "बरणीवर मोरांबा लिहिलं म्हणून आतलं मिठाचं लिंबू गोड होतं का?" इति काका. मग अर्थातच, "मूळ फाइल आहे का?"

चूक त्यांच्याही हातून होते, पण ती कबूल करायची पद्धत नाही. भजनी मंडळाची फाइल सेकंदाला 48000 नमुन्यांची होती, काकांनी ती 44100 ची समजून उघडली. तासाचं भजन पासष्ट मिनिटांचं झालं आणि बुवांचा आवाज हार्मोनियमच्या दीड पट्टी खाली घसरला. पेटीवाले म्हणाले, बुवा आज पहिल्यांदाच झेपेल त्या पट्टीत गायले. काका यावर एवढंच म्हणाले, "मूळ रेकॉर्डिंगच संशयास्पद होतं."

असल्या माणसापुढे मी आत्याची फाइल ठेवली. ओव्या चालू असतानाच रेकॉर्डरची बॅटरी संपली होती. फाइल दोनशे एमबीच्या वर, आणि प्रत्येक प्रोग्राम म्हणे, लांबी शून्य. काका पहिल्यांदाच अपमान करायला विसरले. वेव्ह फाइलीच्या तोंडाशी, साधारण पहिल्या 44 बाइट्समध्ये, आत किती माल आहे ते लिहिलेलं असतं. हा रेकॉर्डर तो आकडा 'स्टॉप' दाबल्यावर भरायचा, आणि ते बटण दाबलंच गेलं नव्हतं. काकांनी वीजबिलाच्या पाठीवर 44100 ला दोनने गुणलं, आलेल्या 88200 ने फाइलीच्या बाइट्सना भागलं आणि म्हणाले, "चाळीस मिनिटं. बाई आत आहेत."

मग फाइल 'रॉ डेटा' म्हणून उघडली. सोळा बिट, मोनो. पहिल्या खेपेला बाइट्सचा क्रम उलटा निवडला गेला आणि खोलीभर पत्र्यावर पाऊस पडावा तसा खरखराट झाला. काकूंनी आतून गॅस बंद केला. दुसऱ्या खेपेला पंखा ऐकू आला, आणि पंख्याच्या वर आत्या: "चालू झालं का रे?"

मी म्हटलं, काका, तेवढा पंखा काढता येईल का?

"मूळ आहे ते," काका म्हणाले. एरवी हे शब्द ते अंगावर टाकतात. आज हळू बोलले.

आत्याने ओवी धरली. सासुरवाशीण वाटेकडे डोळे लावून बसलीय, भाऊ मूळ म्हणून न्यायला येईल, नाही आला. काकांनी चष्मा काढून बनियनला पुसला. "तुमचे वडील जायचे का हो, मूळ म्हणून?"

मला ठाऊक नव्हतं. विचारायला दोघांपैकी कुणीच उरलेलं नाही.

फाइल चाळीस मिनिटांची आहे. पहिल्या अकरा मिनिटांत ओवी एकही नाही. आत्या दूधवाला, मांजर आणि माझं लांबलेलं लग्न यांवर बोलते. तेवढा भाग कापायचा, असं घरून ठरवून गेलो होतो. कापला नाही.