न फाटलेलं पुस्तक

गावात बालवाचनाची चळवळ पोहोचली की नाही, हे ओळखायची माझी एक खूण आहे. अंगणवाडीत जायचं आणि पुस्तकांच्या कपाटाला कुलूप आहे का ते बघायचं. कुलूप असेल तर चळवळ पोहोचली. नारळ फुटला, फोटो निघाला, बातमी छापून आली. मुलांचे हात तेवढे पुस्तकांपर्यंत पोहोचायचे राहिले.

परवा अशाच एका अंगणवाडीत गेलो होतो. लोखंडी कपाट, त्यावर लाल ऑइलपेंटने 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्याचं नाव. नावाची अक्षरं एवढी मोठी की तीन वर्षांच्या पोरानंही वाचायला शिकावं ते तिथूनच. मी म्हटलं, ''ताई, पुस्तकं बघू?'' सेविकाताई जरा घोटाळल्या. किल्ली शेजारच्या शाळेत हेडसरांकडे. हेडसर तालुक्याला. कशाला? तर प्रशिक्षणाला. विषय वाचनसंस्कृती.

मदतनीस मावशींनी केसांतला आकडा काढून कुलूप उघडलं, हे मी इथे लिहायला नको होतं. आत साठ पुस्तकं होती. हत्ती, ससा, चांदोबा, सगळे आपापल्या प्लास्टिकमध्ये, सीलबंद. ''फाटलं की भरून द्यावं लागतं ना दादा,'' ताई म्हणाल्या. ''डेड स्टॉकला चढवलीत.''

डेड स्टॉक! ज्याने कोणी हे नाव शोधलं, त्याला साष्टांग दंडवत. खुर्ची, सतरंजी, वजनकाटा, पातेलं आणि सशाची गोष्ट, सगळ्यांची नोंद एकाच रजिस्टरात. वर्षाअखेरीला साहेब येतात, मोजतात, साठची साठ भरली की शेरा मारतात : 'समाधानकारक.' मुलाने पुस्तक हाताळावं, चोखावं, त्यावर झोपावं, ससा आवडला म्हणून त्याचा कान ओढून पान टरकवावं, तर तो तुटीचा प्रकार. आपल्याकडे ज्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही तेच पुस्तक हिशेबात बसतं.

तसा वर्षातून एक दिवस पुस्तकांना बाहेरची हवा मिळते. 15 ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पुस्तकं सतरंजीवर मांडतात, मुलं मागे उभी करतात, फोटो ग्रुपवर टाकतात. मग मोजून परत आत. एक कमी भरलं तर मुलांचे खिसे तपासतात.

भिंतींचं मात्र बरं चाललं आहे. 'बोलक्या भिंती' असं त्यांना म्हणतात. लोकसहभागातून रंगवलेल्या. लोकसहभाग म्हणजे रंगाला वर्गणी. सफरचंद, विमान, जिराफ, बाराखडी, इंग्रजी महिने, सगळं भिंतीवर. भिंती अखंड बोलतात आणि समोर मुलं बसलेली असतात, हाताची घडी तोंडावर बोट.

आता थोडा इतिहास. सदरात चालतो तेवढाच. 'अंगणवाडी' हा शब्द मंत्रालयात जन्मला नाही. 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ सोबत. बालवाडी उघडली, पण जिच्यासाठी उघडली ती वस्ती दारात येईना. गरिबाघरचं पोर लहान भावंडाला कडेवर घेऊन हिंडत असतं, ते कुठलं येतंय? तेव्हा आपल्यासारख्या लोकांनी 'पालकांमध्ये जागृती नाही' असा अहवाल लिहिला असता. ताराबाईंनी बालवाडी उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. अंगणातली बालवाडी ती अंगणवाडी. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये हेच काम वाढलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत? मग कुरणात शाळा. साहित्य म्हणाल तर शिंपले, बिया, खडे, पानं. हरवलं तर उद्या नवं वेचायचं. डेड स्टॉकला चढवायची सोयच नव्हती.

ताराबाई 1973 साली गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारजमा झाला. त्यातली वाडी राहिली. अंगणाच्या जागी ऑफिस आलं.

त्या ऑफिसचा साहेबही ताई, शिपाईही ताईच. पोरांची वजनं-उंच्या, पोषण आहार, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या नोंदी, गृहभेटी, आणि वरून येईल ते सर्वेक्षण. एवढं करून तिला पगार नसतो, 'मानधन' असतं. म्हणजे मान आपण द्यायचा आणि धनाचं सरकार बघून घेईल. त्यात मोबाइलवरची नोंद. 2021 साली राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल निकृष्ट म्हणून परत केले. एक तक्रार अशीही होती की नोंदीचं अ‍ॅप इंग्रजीत आहे. गावातल्या पोरांना अक्षरांची गोडी जिने लावायची, तिच्याच हाती वाचता न येणारी भाषा. मूल पुस्तक उलटं धरून बसतं तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा अनुभव सेविकेला मिळावा, हाच हेतू असणार.

शहरवाले हसू नका. तुमच्याकडे अडीच वर्षांच्या पोराची मुलाखत होते, रंग सांग, आकार सांग, इंग्रजीत सांग. ते आजीला 'चिऊ' म्हणून दाखवतं, तर घरचे त्याला 'बर्ड म्हण' सांगतात. वाचनाची तयारी बोलण्यातून होते, हे शास्त्र ठाऊक असलेले आईबाप घरातल्या बोलत्या आजीला गप्प करून महिन्याला काही हजार भरून 'फोनिक्स'चा क्लास लावतात. पुढे बोलू नये. वाचक नाराज होतात.

काम कुठेच होत नाही असं नाही. होतं तिथे ते दिसायला फार किरकोळ असतं, म्हणून फोटो येत नाही. 1995 साली मुंबईत 'प्रथम' ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिच्या बालवाड्यांना इमारतच नव्हती. शिकवायला वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी, आणि जागा म्हणजे कुणाची खोली, देवळाचा कोपरा, मंडळाचं ऑफिस. जी जागा मिळेल ती शाळा. राज्यात 2022 पासून शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. पहिलीत जाणारं पोर या टेबलाकडून त्या टेबलाकडे उड्या मारत, रंग भरत, खडे मोजत जातं, आणि शेवटी विकासपत्र घेऊन आई बाजूला उभी राहते. मेळावा सरकारी आहे, तेव्हा हार-तुरे आलेच. पण त्यातून गल्लीगल्लीत जे आयांचे गट झाले, ते बघण्यासारखे आहेत.

असा एक गट त्या अंगणवाडीच्याच गावात एका ओट्यावर बघितला. पाच-सहा बाया मेथी निवडत होत्या. एकीच्या मोबाइलवर त्या आठवड्याचं काम आलेलं : घरातल्या वस्तूंचे गट करा. पोरं मेथीची पानं एकीकडे, देठ एकीकडे करत होती. मग कुणीतरी विचारलं, 'म'ने काय काय? मेथी. मिरची. मावशी. एक पोरगं म्हणालं, ''मार!'' सगळ्या हसल्या. त्याची आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने थोरल्याचं गेल्या वर्षीचं पाठ्यपुस्तक आणलं, मुखपृष्ठ गेलेलं, कोपरे कुरतडलेले, एका पानावर चहाचा गोल. ती बोट ठेवून, अडखळत वाचत होती. एखादं जोडाक्षर आलं की शेजारणीकडे बघायची. मांडीतलं पोर पान उलटायच्या आधी दर वेळी बोट जिभेला लावत होतं. पोथी वाचणाऱ्या आजोबांचं बघून उचललेली लकब. अक्षर एक येत नव्हतं, पण वाचणारा माणूस कसा बसतो, पान कधी उलटतो, कुठे थांबून श्वास घेतो, ते सगळं त्याला आलं होतं. मला वाटतं, अर्धी लढाई तिथेच झाली. विकासपत्रात मात्र ह्या लकबीला रकाना नाही.

महिन्याभराने पुन्हा तिकडे जाणं झालं. कपाटाचं कुलूप तसंच होतं, पण खाऊच्या डब्याशेजारी एका पाटीत सात-आठ पुस्तकं पडली होती. मी वाकून बघितलं तशा ताई लगबगीने आडव्या आल्या. एका पुस्तकातल्या हत्तीला सोंड नव्हती. दुसऱ्याचं मुखपृष्ठ एका पोराने डोक्यावर टोपी करून घातलं होतं. तिसरं ओलं होतं, कशाने ते विचारलं नाही.

''ताई, मोजणीच्या वेळी काय करणार?''

त्यांनी रजिस्टर काढलं. शेऱ्याच्या रकान्यात, स्वच्छ वळणदार अक्षरात, तिन्ही पुस्तकांपुढे लिहिलं होतं : 'उंदराने कुरतडले.'

''उंदराने खाल्लं तर वसुली नसते,'' ताई म्हणाल्या. ''मागच्या साहेबांनीच सांगितलंय.''

तेवढ्यात टोपीवाला उंदीर आला आणि पाटीतून चौथं पुस्तक घेऊन गेला.