पुस्तकात असं नाहीये!

प्रेमकथा मी वाचत नाही, हे डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या निदान एका डब्याला ठाऊक आहे. डेव्हिड निकल्सची ‘वन डे’ वाचत होतो, तेव्हाही त्या डब्याचा हा समज शाबूत राहावा म्हणून मी पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलं होतं. मुखपृष्ठावर 2011च्या सिनेमातली ॲन हॅथवे जिम स्टर्जेसला बिलगलेली, आणि माझ्यासमोर रोज एक निवृत्त बँक मॅनेजर. मी कसल्यातरी खात्यांतर्गत परीक्षेला बसतोय असं वाटून त्यांनी मला ‘यश चिंतितो’ म्हटलं. मी मान तुकवून आशीर्वाद घेतला.

त्यामुळे 2024च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर या कादंबरीची 14 भागांची मालिका आली, तेव्हा आमच्या घरातला या विषयातला एकमेव तज्ज्ञ मीच होतो. तज्ज्ञाच्या हातात रिमोट असावा लागतो. एमा आणि डेक्स्टर 15 जुलै 1988ला एडिंबरामध्ये, पदवी मिळाल्याच्या रात्री एकत्र येतात आणि पुढे जवळजवळ वीस वर्षं ते आपल्याला फक्त 15 जुलैलाच दिसतात. मधल्या 364 दिवसांचं आपलं आपण समजून घ्यायचं. हे सगळं मी मालिका थांबवून समजावून सांगितलं. पुढच्याच प्रसंगात पडद्यावर मोठ्या अक्षरांत तारीख आली.

“पुस्तकात एमा यॉर्कशरची आहे,” मी म्हणालो. इथे ती अंबिका मॉड झाली आहे. आईवडील भारतीय, जन्म इंग्लंडमधला. “मग हीपण ब्रिटिशच झाली ना, बाबा?” मुलगी म्हणाली. या भूमिकेला अंबिकानं आधी नकार दिला होता, हेही तिनंच सांगितलं. प्रेमकथेची नायिका म्हणून स्वतःला ती डोळ्यांसमोर आणूच शकली नव्हती. मुलगी हे मोबाइलवरून वाचून दाखवत होती, पण वाचताना थोडी हळू झाली. तिच्या रंगावरून आमच्याच नातेवाइकांनी लग्नकार्यांत काय काय सुचवलं आहे, कुठली पिठं, कुठल्या साई, ते मला आठवलं आणि यॉर्कशरचा मुद्दा मी सोडून दिला.

15 जुलैचा मात्र सोडला नाही. हा दिवस इंग्रजांच्या सेंट स्विदिनचा. विंचेस्टरचा हा नवव्या शतकातला बिशप. आपल्याला उघड्यावर पुरा, अंगावर पाऊस पडू दे, अशी त्याची इच्छा. पुढे 971 साली 15 जुलैला त्याच्या अस्थी चर्चच्या आत हलवल्या, म्हणे तो रागावला. तेव्हापासून त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो अशी तिकडे समजूत आहे. चाळीस! आमच्याकडे चाळीस दिवसांत चादरसुद्धा वाळत नाही. एका साधूच्या रुसव्यावर अख्खा पावसाळा सोपवण्याइतके आपण भोळे नाही. आपल्याकडे प्रत्येक नक्षत्राला स्वतंत्र वाहन आहे. पंचांगात बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की माझी आजी घरात दोऱ्या बांधायला घ्यायची. कोल्हा निघाला की पंचांगाकडे संशयानं बघायची. शिवाय आपल्या पावसाला वय आहे, नाती आहेत. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. आता गंमत बघा, 15 जुलै येतो पुनर्वसूत, म्हणजे ऐन तरण्या पावसात, आणि पाचच दिवसांत म्हातारा सुरू होतो. निकल्सला वीस वर्षं आणि शेकडो पानं लागली तिथं आजीला एक आठवडा पुरला असता, असं मी म्हणालो. पडद्यावर डेक्स्टर तोंड अर्धवट उघडं ठेवून केव्हाचा थांबला होता.

“आणि मुंबई!” मी म्हणालो. कादंबरीतला 15 जुलै 1990चा डेक्स्टर मुंबईत आहे. झिंगलेल्या अवस्थेत तो एमाला लांबलचक पत्र लिहितो, ताजमहालापाशी भेटायला बोलावतो, आणि ते पत्र बारमध्येच विसरतो. भर जुलैत, मुंबईत, कागद! बारमधून बाहेर पडलं असतं तरी पहिल्या चौकात त्याचा लगदा झाला असता. पावसात माणसं घरी पोचत नाहीत, तिथं पत्र...

“26 जुलैला तुम्ही काय म्हणाला होतात?” बायकोनं विचारलं.

2005चा तो मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर, आणि हा म्हणे म्हातारा पाऊस. गाड्या ठप्प, फोन बंद. ही रात्रभर लोकलमध्ये अडकली, मग ठाण्यापासून रुळांतून चालत आली. वाटेत कोणाकोणाच्या खिडकीतून चहा आणि बिस्किटं मिळाली. मी लहान मुलीला कडेवर घेऊन जिन्यात उभा. रात्रभर जे जे मनात आलं होतं ते आजही लिहिवत नाही.

“‘एवढा उशीर?’ म्हणाला होतात,” तीच म्हणाली. मुलगी सोफ्यावरून घसरली.

“त्यात सगळं आलं होतं,” मी म्हणालो.

“हो, मला कळलं होतं. चालू करा आता.”

पुढचे भाग सुरळीत चालले. शेवटाजवळ आल्यावर मी तज्ज्ञाला न शोभेल इतका संयम पाळला. पुस्तकातलं एक अक्षर बोललो नाही, खोकलोसुद्धा नाही. बायकोनं आधी पडद्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“या दोघांतलं कोण जातं?”

“मी काही बोललो का?”

“मघापासून काहीच बोलला नाहीत, म्हणून तर विचारलं,” ती म्हणाली, आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.