सोळा ठिपक्यांची मराठी

दुकानाला एलईडी पाटी हवी म्हणून मालक बाजारात जातो आणि ‘पी-टेन’ घेऊन येतो. का? शेजाऱ्याकडे तीच आहे. पी-टेन म्हणजे दोन ठिपक्यांत दहा मिलिमीटर अंतर. एका मॉड्यूलवर आडवे ३२, उभे १६. हे सोळा ठिपके रोमन अक्षरांना ऐसपैस पुरतात. देवनागरीला मात्र वर रफार, वेलांटी, खाली उकार असा सगळा गोतावळा त्यातच बसवावा लागतो. मग ‘आशीर्वाद’चा रफार छाटला जातो आणि ‘आशीवाद’ नावाचा नवाच पंथ चौकात लुकलुकू लागतो.

राज्याने २०२२ साली कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हे बजावलं. रफाराबद्दल कायदा गप्प आहे.

खरी मजा पहिल्या पावसानंतर. पेटीच्या सांध्याला सिलिकॉन लावायचे पैसे वाचवलेले असतात; पाणी शिरतं आणि उजव्या टोकाचं मॉड्यूल विझतं. ‘येथे पार्किंग नाही’मधलं नेमकं ‘नाही’ जातं. स्कूटरवाले निमंत्रण स्वीकारतात. मालक बाहेर येऊन भांडतो, स्कूटरवाला पाटीकडे बोट दाखवतो.

दुरुस्ती तशी किरकोळ: सैल रिबन केबल घट्ट करायची किंवा पाच व्होल्टचा पॉवर सप्लाय बदलायचा. मजकूर बदलणं अवघड, कारण कंट्रोलर कार्डाचा पासवर्ड पाटी बसवणाऱ्या पोराकडे, आणि ते पोर आता सीसीटीव्हीच्या धंद्यात. तोवर शिमग्यातही दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.